खोल समुद्रातल्या ब्रॅकिओपॉडची जात ठरवायची कशी आणि तिला नाव द्यायचं कसं

मार्च सरत आला की गंगाखेडच्या घाटाखाली गोदावरीचं पाणी मागं हटतं आणि चिखलात शिंपले उघडे पडतात. मी परभणीत प्राणिशास्त्र शिकवते. दरवर्षी त्यातले वीस-पंचवीस रिकामे शिंपले धुऊन, वाळवून वर्गात नेते आणि त्यांच्या शेजारी एक ब्रॅकिओपॉड, म्हणजे दोन झडपांच्या कवचाचा एक समुद्री प्राणी, ठेवते. पोरं दोन्हींना शिंपलाच म्हणतात. त्यात त्यांची चूक नाही. निसर्गअभ्यासकही बराच काळ या दोघांना एकाच पंगतीत बसवत होते.

मग ठरलेला प्रश्न येतो: "मॅडम, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. खोल समुद्रातल्या जिवाला आपण काय नाव देणार?" मी थॉमस डेव्हिडसन यांचं उदाहरण देते. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजानं जगभरचे समुद्र धुंडाळले. त्या मोहिमेत वर आलेल्या ब्रॅकिओपॉडांचा अभ्यास डेव्हिडसन यांनी केला आणि नव्या जातींना नावंही दिली. ते जहाजावर गेले नव्हते, नमुने त्यांच्या टेबलावर आले. जहाज, जाळं आणि खलाशी हे काम दुसऱ्यांचं असतं. नाव देण्याचं काम भिंग, व्हर्नियर, जुने ग्रंथ आणि चिकाटी यांवर चालतं, आणि ते परभणीच्या खोलीत बसूनही होतं. एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करताना ज्यांच्या हाती एखाद्या मोहिमेतले नमुने येण्याची शक्यता आहे, त्यांच्यासाठी ही सगळी वाट लिहून काढते आहे.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवू. वर्तमानपत्रांत 'नवी प्रजाती सापडली' असं छापून येतं, तेव्हा बातमी बहुधा जातीची असते. आपल्या पाठ्यपुस्तकांप्रमाणे प्रजाती म्हणजे नावातला पहिला शब्द आणि जाती म्हणजे दोन्ही शब्द मिळून झालेली ओळख. इथे मी तसंच लिहिणार आहे. शास्त्रीय नावं खरं तर रोमन लिपीत आणि तिरप्या अक्षरांतच लिहायची असतात. इथे फक्त वाचायच्या सोयीसाठी ती देवनागरीत आहेत.

आधी खात्री करा : हा ब्रॅकिओपॉडच आहे ना?

गोदावरीचा शिंपला हातात घ्या. त्याच्या दोन झडपा म्हणजे डावी आणि उजवी बाजू. त्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात, पण एकच झडप घेऊन मधोमध रेघ मारली तर तिचे दोन अर्धे सारखे निघत नाहीत. एक बाजू फुगीर, दुसरी निमुळती. आता ब्रॅकिओपॉड घ्या. इथे एक झडप पाठीची आणि दुसरी पोटाची. पोटाकडची सहसा मोठी असते, तिला पोपटासारखी चोच असते आणि चोचीत बहुधा एक भोक. त्या भोकातून पेडिकल नावाचा देठ बाहेर येतो आणि त्यानं प्राणी दगडाला धरून बसतो. या दोन झडपा एकमेकींसारख्या नसतात, मात्र प्रत्येक झडपेचा डावा अर्धा उजव्याशी तंतोतंत जुळतो. लहान मुलांनाही हे दोन मिनिटांत कळतं, म्हणून मी सुरुवात इथूनच करते.

उघडमिटीतही फरक आहे. नदीच्या शिंपल्याच्या बिजागरीवर लवचीक पट्टा असतो. स्नायू सैल पडले की पट्टा झडपा आपोआप उघडतो, म्हणून मेलेला शिंपला आ वासलेला दिसतो. ब्रॅकिओपॉडला उघडायलाही स्नायू लागतो आणि मिटायलाही, त्यामुळे मेल्यावर तो बहुधा मिटलेलाच राहतो. आत पाहिलंत तर शिंपल्यात कल्ल्यांचे पडदे दिसतील आणि ब्रॅकिओपॉडमध्ये लोफोफोर, म्हणजे बारीक केसाळ बोटांची झालर असलेले दोन बाहू. पाण्यातले अन्नकण ओढून घ्यायचं काम हा लोफोफोर करतो.

खोल समुद्रातल्या नमुन्यांत डिसिनिड गटाशी गाठ पडली तर सावध राहा. त्यांची वरची झडप चपट्या टोपीसारखी असते आणि पहिल्या नजरेत तो खडकाला चिकटणारा लिम्पेट गोगलगायीचा प्रकार वाटतो. उलटा करून खालची झडप बघा. तिच्यात देठासाठी चीर असते. कडेला लांब राठ केसांची किनार दिसली तर शंका उरत नाही.

बरणीतली चिठ्ठी

या टप्प्यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण पुढची सगळी इमारत याच पायावर उभी राहते.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या जुन्या संग्रहालयात मला एक बरणी दाखवली गेली. आत लिंग्युला होती, वाळूत बीळ करून राहणारा, जिभेच्या आकाराचा ब्रॅकिओपॉड. कोकणात रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तो सापडतो. नमुना सुरेख होता, देठ अख्खा होता. पण चिठ्ठी बॉलपेननं लिहिलेली होती. स्पिरिटमध्ये शाई विरघळून पाणी निळसर झालं होतं आणि कागदावर एकच शब्द उरला होता : 'समुद्र'. कुठला समुद्र, कोणी आणला, कोणत्या साली, काही नाही. दाखवायला तो नमुना ठीक, अभ्यासाला निरुपयोगी. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. कोणीतरी गुडघाभर चिखलात उतरून तो आणला होता.

म्हणून चिठ्ठी जाड, न फाटणाऱ्या कागदावर आणि पेन्सिलीनं लिहा. ती बरणीच्या आत टाका. बाहेर चिकटवलेली सुटून पडते. तिच्यावर मोहिमेचं नाव, स्थानकाचा क्रमांक, अक्षांश-रेखांश, तारीख आणि कोणत्या साधनानं नमुना वर आणला (ओढजाळं, ड्रेज, पेटीकोअर की दूरनियंत्रित यान) हे सगळं हवं. खोली लिहिताना एकच आकडा लिहू नका. जाळं समुद्राच्या तळावरून बराच वेळ ओढलं जातं. ते १,८०० मीटरवर टेकून २,१०० मीटरवर उचललं असेल तर दोन्ही आकडे लिहा. नमुना जिवंत होता की नुसतं कवच, हेही लिहा. रिकामं कवच उतारावरून घरंगळत खूप खाली जाऊ शकतं. त्यावरून 'ही जात इतक्या खोलीवर राहते' असं म्हणता येत नाही.

देठ कशाला चिकटलेला होता ते टिपून ठेवा, आणि शक्य असेल तर तो तुकडाही देठासकट जपा. दगड, शिंपल्याचा तुकडा, मँगनीजचा गोळा, काहीही असो. क्लिडोनोफोरा नावाच्या खोल पाण्यातल्या प्रजातीचा देठ लांब असतो आणि टोकाला मुळांसारखा फाटत जातो. मऊ गाळात धरायला दगड नसतो, म्हणून ती मुळं फोरॅमिनिफेरा या सूक्ष्मजीवांच्या इवल्या कवचांना धरतात. देठ कापून फेकला तर ही सगळी माहिती गेली.

नमुना टिकवायला इथेनॉल वापरा. डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्क्यांच्या वरचं. साधं फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि चुन्याचं कवच खाऊन टाकतं, शिवाय डीएनएही खराब करतं.

उघडण्याआधी

नमुना उघडला की तो पहिल्यासारखा मिटत नाही. म्हणून आधी फोटो काढा : पाठीकडून, पोटाकडून, एका बाजूनं आणि समोरून, म्हणजे झडपा जिथे उघडतात त्या कडेनं. चोच वर ठेवून पाठीची झडप बघणाऱ्याकडे करायची, अशी जुनी प्रथा आहे. तीच पाळा, म्हणजे तुमचं चित्र दीडशे वर्षांपूर्वीच्या चित्राशेजारी ठेवून पाहता येतं. प्रत्येक फोटोत मिलिमीटरची पट्टी असू द्या. मग लांबी, रुंदी आणि जाडी मोजा. तुमच्याकडे पंधरा नमुने असतील तर पंधराही मोजा. सर्वांत देखणा एकच मोजून भागत नाही.

डीएनएसाठी मांसाचा छोटा तुकडा काढायचा असेल तर आताच काढा. लोफोफोरही आताच नीट पाहून त्याचं चित्र काढा. बाहू एकाच वळशाचे आहेत, मधे खाच पडलेली आहे की शंकूसारखे गुंडाळलेले, हे वर्गीकरणात लागतं. टेरेब्रॅट्युलिड या ब्रॅकिओपॉडांच्या गणातल्या काहींच्या मांसात चुन्याचे काटेही असतात. मांस काढायला एकदा ब्लीच लावलं की हे सगळं जातं.

आतला लूप

खोल पाण्यातले बरेच ब्रॅकिओपॉड लहान, पातळ कवचाचे आणि गुळगुळीत असतात. वरून पाहिलं तर दूरच्या दोन गणांतले प्राणी सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. त्यांची खरी ओळख आत असते. लोफोफोरला आधार द्यायला पाठीच्या झडपेपासून चुन्याचे दोन काटे निघतात, त्यांना क्रुरा म्हणतात. ऱ्हिंकोनेलिडांत ते काटे तिथेच संपतात. टेरेब्रॅट्युलिडांत ते पुढे वाढून एकमेकांना मिळतात आणि फितीसारखा लूप तयार होतो. तो आखूड की लांब, रुंद की अरुंद, मधल्या उभ्या पडद्याला चिकटलेला की मोकळा, यावर कुल आणि प्रजाती ठरते.

हा लूप केसाइतका बारीक असतो. एका कार्यशाळेत मला खोल पाण्यातला एक टेरेब्रॅट्युलिड उघडायला मिळाला होता, साबुदाण्याच्या चार दाण्यांएवढा. ब्लीच जरा जास्त तीव्र होतं. मांस भराभर सुटत गेलं. मी सूक्ष्मदर्शकातून पाहत होते आणि सुटणाऱ्या मांसाबरोबर लूपची एक बाजू उचलली जाऊन मोडली. डोळ्यांदेखत. तेव्हापासून मी ब्लीच इतकं पातळ करते की काम व्हायला तास-दोन तास लागावेत, आणि त्या वेळात जागेवरून उठत नाही. मांस सुटत आलं की सुईनं ओढायचं नाही, ड्रॉपरनं पाण्याचा हलका झोत सोडायचा. शेवटी डिस्टिल्ड पाण्यानं पाच-सहा वेळा धुवा, नाहीतर सुकल्यावर क्षाराचे खडे कवचावर बसतात.

वाळलेला नमुना कोरडा उघडू नका. आधी कोमट पाण्यात भिजवून मऊ होऊ द्या आणि पात्याचं टोक बिजागरीपासून दूर, समोरच्या कडेतून सरकवा. हाती एकच नमुना असेल तर तो उघडूच नका. मायक्रो-सीटीची सोय असलेल्या संस्थेला पत्र लिहा. कवच न फोडता आतला लूप संगणकावर फिरवून पाहता येतो.

वर्गीकरणाची उतरंड

आजचे ब्रॅकिओपॉड तीन उपसंघांत विभागले जातात. लिंग्युलिफॉर्मिया गटाचं कवच सेंद्रिय पदार्थ आणि कॅल्शियम फॉस्फेटचं. क्रॅनिफॉर्मियाचं कवच कॅल्साइटचं, पण देठ नाही, खालची झडप बहुधा खडकालाच सिमेंट केल्यासारखी चिकटलेली. ऱ्हिंकोनेलिफॉर्मियाचं कवच कॅल्साइटचं आणि झडपांना दात-खाचांची बिजागरी. सध्या जिवंत जाती सुमारे चारशे आहेत, आणि जीवाश्मांतून माहीत असलेल्या जाती बारा हजारांच्या वर. ज्या संघाचा बहुतेक सगळा पसारा दगडांत आहे, त्याची एक जिवंत जात हाताळायला मिळणं मला मोठं भाग्य वाटतं. आपल्या पायाखालचा मराठवाड्याचा दगड लाव्हाचा, बेसाल्टचा. त्यात हे जीवाश्म मिळत नाहीत. त्यासाठी कच्छला किंवा तामिळनाडूत अरियालूरला जावं लागतं.

उतरताना प्रश्न या क्रमानं विचारा. कवच कशाचं? आधीच तुटलेल्या कपचीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसलं तर कॅल्साइट, नाहीतर बहुधा फॉस्फेट. मुख्य नमुन्यावर हा प्रयोग कधीही करू नका. दात आहेत का? कवचात आरपार बारीक छिद्रं आहेत का? टेरेब्रॅट्युलिडांत ती भिंगातून टाचणीच्या टोचांसारखी दिसतात, आजच्या ऱ्हिंकोनेलिडांत ती नसतात. लूप आहे का, आणि आखूड की लांब? एवढ्या प्रश्नांवर तुम्ही गणापर्यंत पोचता.

एका सापळ्याबद्दल सांगायलाच हवं. लांब लूपच्या टेरेब्रॅट्युलिडांत लूप वयाबरोबर रूप बदलतो. पिल्लाचा लूप आणि थोराडाचा लूप इतके वेगळे असतात की पूर्वी पिल्लांना वेगळी प्रजाती समजून नावं दिली गेली आहेत. हाती चार मिलिमीटरचे तीनच नमुने असतील आणि लूप 'कुठल्याच प्रजातीशी जुळत नाही' असं वाटत असेल, तर आनंद व्हायच्या आधी स्वतःला विचारा : हे पिल्लू तर नाही? शक्य तेवढ्या वयांचे नमुने एका ओळीत मांडूनच निर्णय घ्या.

उतरंड अखेरपर्यंत कशी जाते ते पाहायला पेलॅगोडिस्कस अटलांटिकस घेऊ. संघ ब्रॅकिओपोडा, उपसंघ लिंग्युलिफॉर्मिया, वर्ग लिंग्युलाटा, गण लिंग्युलिडा, कुल डिसिनिडी, प्रजाती पेलॅगोडिस्कस, जाती पेलॅगोडिस्कस अटलांटिकस. हा इवलासा प्राणी ५,००० मीटरच्या पलीकडेही सापडतो. सर्वसाधारणपणे चार ते पाच हजार मीटरच्या खाली कॅल्साइट विरघळून जातं, तिथे चुन्याच्या कवचाला टिकणं अवघड. याचं कवच फॉस्फेटचं. याच्या अळ्या पाण्यात स्वतः अन्न खात दीर्घकाळ तरंगू शकतात, तर ऱ्हिंकोनेलिफॉर्मियाच्या अळ्यांजवळ फक्त आईनं दिलेली शिदोरी असते आणि त्या लवकर तळाशी बसतात. म्हणून पहिल्याची नोंद अनेक महासागरांतून होते आणि दुसऱ्यांच्या जाती सहसा छोट्या टापूत राहतात. तरीही इतक्या दूर पसरलेल्या नावाखाली खरोखर एकच जात आहे का, हा प्रश्न प्रत्येक नव्या नमुन्यावर डीएनए लावून विचारत राहायला हवा असं माझं मत आहे.

नवी आहे हे कसं कळणार?

आधी त्या प्रजातीतल्या आजवरच्या सगळ्या जातींची यादी करा. समुद्री जातींची जागतिक नोंदवही इंटरनेटवर आहे, सुरुवात तिथून. प्रजातींसाठी अपृष्ठवंशीय जीवाश्मशास्त्राच्या महाग्रंथाचा ब्रॅकिओपॉडांवरचा सुधारित भाग पाहा. त्याचे सहा खंड १९९७ ते २००७ दरम्यान निघाले. अरबी समुद्रासाठी १९३३-३४च्या जॉन मरे मोहिमेतल्या ब्रॅकिओपॉडांवर हेलन म्यूर-वुड यांनी १९५९ साली लिहिलेला अहवाल, आणि हिंदी महासागरासाठी जी. आर्थर कूपर यांचं १९७३चं काम, ही दोन वाचल्याशिवाय पुढे जाऊच नका. जुने ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत फुकट वाचता येतात. परभणीतल्या विद्यार्थ्याला आज डेव्हिडसन यांची मूळ चित्रं मोबाइलवर दिसतात. मी शिकत असताना त्यासाठी मुंबई गाठावी लागायची.

कोणी तरी उतरवून घेतलेलं वर्णन वाचून समाधान मानू नका, मूळ वर्णन काढा. त्यानंतर मूळ नमुना ज्या संग्रहालयात आहे त्यांना फोटो मागा. नम्रपणे, नमुन्याचा क्रमांक देऊन लिहिलेल्या पत्राला बहुतेक ठिकाणाहून उत्तर येतं.

फरक मोजताना आधी एकाच ठिकाणच्या नमुन्यांत आपसात किती फरक आहे ते पाहा. तुमचा 'नवा' नमुना त्या चढउतारात बसत असेल तर तो नवा नाही. डीएनए जुळवता आला तर फार चांगलं, पण कवचाची कसून तुलना न करता नुसत्या डीएनएवर उभी केलेली जात पुढच्या अभ्यासकाला हातात धरता येत नाही.

आणि खात्री नसेल तर तसं लिहायची रीत आहे. प्रजाती कळली, जात कळली नाही, तर प्रजातीच्या नावापुढे 'एस्पी' लिहा. अमुक जातीसारखी वाटते पण पक्कं नाही, तर मधे 'सीएफ'. तिच्या जवळची पण बहुधा वेगळी, तर 'ॲफ'. तुटका एकच नमुना असेल तर 'एस्पी' लिहून थांबणं हेच योग्य काम आहे. त्यात कमीपणा काही नाही.

आता नाव

बारशाला पाळण्यात बाळ असल्याशिवाय आत्या कानात नाव सांगत नाही. इथे मात्र अनेकांचं नाव आधी ठरलेलं असतं आणि जात नंतर शोधली जाते. तसं करू नका.

प्राण्यांच्या नावांचे नियम आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २०००पासून लागू आहे. नावांची मोजणी १७५८पासून, म्हणजे लिनियस यांच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून सुरू होते. एकाच जातीला दोन नावं पडली असतील तर साधारणपणे आधीचं टिकतं. एकाच प्रजातीत तेच जातीनाम दोनदा चालत नाही, आणि प्रजातीचं नाव तर सबंध प्राणिसृष्टीत दुसऱ्या कोणाचं असता कामा नये. त्यामुळे मनातलं नाव आधी कोणी वापरलंय का ते शोधा.

नाव कोणत्याही भाषेतल्या शब्दावरून घेता येतं, पण लिहायचं रोमन सव्वीस अक्षरांत. वरच्या-खालच्या टिंबांना, रेघांना जागा नाही, त्यामुळे आपले 'ण' आणि 'ळ' तिथे साधे होऊन जातात. प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं छोटं.

आता लिंगाचा नियम, इथे सर्वांत जास्त चुका होतात. जातीनाम विशेषण असेल तर ते प्रजातीच्या लिंगाप्रमाणे चालतं, जसं आपण 'काळा घोडा, काळी गाय' म्हणतो. विल्यम किंग यांनी १८६८ साली एका जातीला डिसायना अटलांटिका म्हटलं. (निअँडरथल मानवाला शास्त्रीय नाव देणारे ते हेच किंग.) डिसायना स्त्रीलिंगी, म्हणून अटलांटिका. डॉल यांनी १९०८ साली पेलॅगोडिस्कस ही प्रजाती केली. डिस्कस पुल्लिंगी, म्हणून ती जात अटलांटिकस झाली. आता दुसरं उदाहरण बघा. डेव्हिडसन यांनी १८७८ साली 'चॅलेंजर' मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ वायविल थॉमसन यांच्या नावानं टेरेब्रॅट्युला वायविलेई ही जात केली. पुढे तिला अबिसोथायरिस या प्रजातीत नेलं, पण वायविलेई तसंच राहिलं, कारण ते विशेषण नाही, 'वायविलची' अशी षष्ठी आहे. पुरुषाच्या नावाला शेवटी आय, स्त्रीच्या नावाला ए-ई, अनेक जणांना ओरम, सगळ्या स्त्रिया असतील तर आरम. ठिकाणावरून नाव असेल तर बहुधा एन्सिस, नपुंसकलिंगी प्रजातीसाठी एन्से. थायरिस म्हणजे ग्रीकमध्ये छोटी खिडकी, आणि ते स्त्रीलिंगी. कच्छच्या जीवाश्मांवरून कचिथायरिस प्रजातीचं नाव आलं ते याच घडणीतून.

आमच्या मुलांना 'मराठवाडेन्सिस' ठेवायची फार हौस असते. प्राण्याचं मराठवाड्याशी नातं नसेल तर ते नाव नियमानं बाद ठरत नाही, पण वाचणाऱ्याची दिशाभूल करतं. बंगालच्या उपसागरात कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या पुढच्या खोल तळावरून एखादी जात मिळाली तर 'गोदावरिएन्सिस' मात्र खरं ठरेल. गंगाखेडहून, नांदेडहून वाहत गेलेला गाळ तिकडेच जातो. मी इथे त्या शब्दापुढे मुद्दाम कोणतीही प्रजाती जोडत नाही, कारण वर्णनाशिवाय छापलेलं नाव नुसतंच भटकत राहतं आणि पुढच्यांना डोकेदुखी होते. तुमचं नावही शोधनिबंध निघेपर्यंत परिषदेच्या सारांशात, फलकावर किंवा पत्रकाराला देऊ नका. स्वतःचं नाव जातीला ठेवायला बंदी नाही, पण ते कोणी करत नाही. कुणाचा अपमान होईल असं नाव तर नकोच.

लेखकाच्या नावाभोवतीचा कंस आपल्याकडं हमखास चुकीचा वाचला जातो. सातबाऱ्यावर एखाद्याच्या नावाला कंस झाला की त्याचा हक्क संपला असं आपण समजतो. इथे तसं नाही. पेलॅगोडिस्कस अटलांटिकस (किंग, १८६८) यातला कंस एवढंच सांगतो की किंग यांनी ही जात वेगळ्या प्रजातीत ठेवली होती, नंतर तिचं घर बदललं. मान किंग यांचाच राहतो. गोदावरीतला शिंपला लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस (लामार्क, १८१९) असा लिहितात त्याचंही कारण हेच, लामार्क यांनी तो युनिओ प्रजातीत ठेवला होता. तुमची जात नवी असेल तेव्हा तुमच्या नावाला कंस येत नाही.

होलोटाइप आणि तो कुठे ठेवायचा

नाव हे वर्णनाला बांधलेलं नसतं, एका नमुन्याला बांधलेलं असतं. तो नमुना म्हणजे होलोटाइप. २०००पासून नव्या जातीसाठी मूळ नमुना ठरवून सांगणं बंधनकारक आहे, आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवणार आहे हेही लिहावं लागतं. पुढे तुमच्या वर्णनात चूक निघाली, कोणी दोन जाती वेगळ्या केल्या, तरी तुमचं नाव त्या एका कवचाबरोबर जातं. म्हणून होलोटाइप निवडताना पूर्ण वाढलेला, झडपा शाबूत असलेला, लूप दिसणारा नमुना घ्या. त्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी सोन्याचा थर चढवू नका, त्यासाठी दुसरा नमुना वापरा. बाकीचे चांगले नमुने पॅराटाइप.

होलोटाइप महाविद्यालयाच्या कपाटात ठेवू नका, घरी तर मुळीच नको. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवी जात सापडली की नेमून दिलेल्या भांडाराला कळवणं आणि तिथे नमुना जमा करणं ही शोधणाऱ्याची जबाबदारी आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभाग असं भांडार आहे. खोल समुद्रातल्या प्राण्यांसाठी कोचीच्या सागरी सजीव संपदा व परिस्थितिकी केंद्राचं 'भवसागर' आहे. तिथून नोंद क्रमांक घेतल्याशिवाय निबंध पाठवू नका.

लिहून काढणं

निबंधाचा साचा ठरलेला असतो, मासिकाचा एखादा अंक समोर ठेवला की कळतो. गाडी अडते ती निदान आणि वर्णन यांत. वर्णनात सगळं येतं, चोचीपासून कडेपर्यंत. निदानात फक्त तेवढंच येतं ज्यावरून ही जात बहिणींपासून वेगळी ओळखू येते. मी विद्यार्थ्यांना सांगते, बाजारात आई हरवली तर पोलिसाला काय सांगशील? दोन डोळे, दोन कान असं नाही सांगणार. उजव्या गालावर तीळ आणि हिरवं इरकल लुगडं सांगशील. निदान तसं लिहा : 'कवच ९ मिलिमीटरपर्यंत, लांबीपेक्षा रुंद, लूप आखूड, त्याची आडवी पट्टी अरुंद, जवळच्या जातीत कवच रुंदीपेक्षा लांब आणि पट्टी रुंद.' हे वाक्य निव्वळ नमुन्यादाखल आहे. 'कवच सुंदर, पातळ, पांढरट' हे निदान नाही.

जात नवी आहे हे निबंधात स्पष्ट लिहायला हवं. नावाच्या पुढे 'एस्पी नोव्ह' ही खूण त्यासाठीच. नाव कशावरून घेतलं, ते विशेषण आहे की नाम, हे एका ओळीत सांगा, म्हणजे पन्नास वर्षांनी ती जात दुसऱ्या प्रजातीत गेली तर शेवट बदलायचा की नाही याचा वाद होणार नाही. मासिक फक्त इंटरनेटवर निघत असेल तर प्रसिद्ध होण्याआधी झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंद करून तिचा दाखला निबंधातच छापावा लागतो. २०१२पासून हा नियम आहे. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या मासिकांच्या वाटेला जाऊ नका. तुमचं नाव नियमात बसलं तर ते कायमचं मोजलं जाईल आणि त्यातली चूकही तितकीच कायमची.

निबंध छापून आला की झूबँकच्या नोंदीत साल, खंड आणि पानं भरा, समुद्री जातींच्या नोंदवहीच्या संपादकांना प्रत पाठवा आणि भांडारालाही. मग बरणीजवळ परत या. होलोटाइपला लाल चिठ्ठी लावायची पद्धत आहे. तिच्यावर पेन्सिलीनं नवं नाव, तुमचं नाव, साल आणि नोंद क्रमांक लिहा, ती बरणीत सोडा, आणि जुनी चिठ्ठी, मोहिमेच्या दिवशी जहाजावर कोणीतरी लिहिलेली, तिच्या शेजारी तशीच राहू द्या.